लेकीच्या गावचा घास

या, असे जवळ या. मागच्यांनी पुढं सरका, भिंतीला टेकलेल्यांनी पाय आवरून घ्या. आज राजाची गोष्ट नाही आणि राणीचीही नाही. एका बापाची आहे, त्याच्या लेकीची आहे, आणि दोघांच्या मधोमध ठेवलेल्या एका डब्याची. ऐकता ऐकता भूक लागेल. लागू द्या.

तर, गुंजननं कढईतला शेवटचा वडा झाऱ्यावर घेतला, तेल निथळायचीही वाट न पाहता डब्यात टाकला आणि झाकण दाबलं. बोट पोळलं. ते तोंडात घालूनच ती सैपाकघरातून ओरडली,

"मामी, मी चालली शाळेत!"

सासूला ती मामी म्हणायची. शामकलाबाई ओसरीत बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली.

"अवं, तोंडाले काही बांध तं! अन् पदर कुठं चालला? बापाले भेटाले चालली का आग इझवाले?"

"दोन्ही!" गुंजन म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी हसली ते शामकलाबाईंनी पाहिलं आणि पुढचं बोलणं लसणाच्या पाकळीबरोबर गिळलं.

हसणारच. सकाळी पोलीस पाटील दुलीचंद दारासमोरून सायकलवर जाता जाता सांगून गेला होता: कैलासचा सासरा बाहेरून आला म्हणून शाळेत वेगळा ठेवला आहे, दोन आठवडे गावातच राहील. म्हणजे गुंजनचे बाबा! केवळराम! होळीनंतर ते बालाघाटकडे कीर्तनाच्या सप्ताहाला गेले होते. कीर्तन म्हटलं की हा माणूस पायात चप्पल घालायला विसरायचा. सप्ताह सुरू होऊन चार दिवस झाले आणि रोगाच्या साथीपायी सारा देश बंद झाला. दोन महिने ते तिथंच एका टाळकऱ्याच्या गोठ्यात राहिले. मग तांदळाच्या एका टेम्पोनं त्यांना नाक्यापर्यंत आणून सोडलं. देवरीकडच्या त्यांच्या गावानं रस्त्यावर आडवे बांबू बांधले होते. बाहेरून येणाऱ्याला, तो गावचाच असला तरी, आत घेत नव्हते. नाक्यावर शिपायानं विचारलं, इकडं जवळपास कोणी ओळखीचं आहे का? केवळरामांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "बिरसीले लेक दिली हाय."

अशा रीतीनं बाप लेकीच्या गावी आला. लग्नाला आठ वर्षं झाली, पण बिरसीत त्यांनी एक रात्रही काढली नव्हती. येत, दारात उभे राहत, बोलत, आणि ऊन उतरायच्या आत परत जात. आणि आता सरकारनंच त्यांना धरून ठेवलं होतं. लोक या रोगाला शिव्या देत होते. गुंजनला त्या सकाळी एकही शिवी सुचली नाही.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झाला होता. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, भेगाळून पडल्या होत्या. एरवी या वेळी जवळच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांची लहान विमानं गावावरून घरघरत फेऱ्या मारायची. ती बंद होती, आणि आभाळ एखाद्या रिकाम्या पातेल्यासारखं पालथं पडलं होतं. शाळेच्या मैदानात चुन्याची रेघ मारली होती. रेघेपुढं, मैदानाच्या मधोमध, एक बाक ठेवलेला. डबा बाकावर ठेवायचा, रेघेच्या मागं यायचं, मग आतल्यानं येऊन उचलायचा, असा नियम. फाटकाशी कडुनिंबाखाली दुलीचंद काठी घेऊन बसला होता.

तिसरीच्या वर्गाच्या व्हरांड्यात केवळराम बसले होते. धोतर, तोंडावर बांधलेला दुपट्टा, शेजारी कापडी पिशवी. पिशवीतून टाळांची दोरी लोंबत होती.

"बाबा!"

"आली का माय?" ते उठले. दुपट्ट्यावरून फक्त डोळे दिसत होते, पण ते हसत होते. "अवं, किती वाळली तू!"

"तुमीच वाळले! गोठ्यात काय खाल्लं दोन महिने? हे घ्या, गरम हायेत. लाखोळीच्या डाळीचे वडे. मिरची जास्त टाकली."

तिनं डबा बाकावर ठेवला आणि रेघेमागं आली. केवळराम चार पावलं पुढं आले. वास नाकात गेला. दुपट्टा किंचित हलला. मग त्यांनी डब्याला दोन्ही हात जोडले, जसे देवळाबाहेरूनच घाईच्या माणसानं देवाला जोडावे.

"राहू दे बाई. मले भूक नाई."

दुलीचंदनं कडुनिंबाच्या काडीनं दात कोरायला सुरुवात केली आणि दुसरीकडं पाहिलं. त्यालाही ठाऊक होतं. तिकडं सगळ्यांनाच ठाऊक असतं. लेकीची ओटी भरेपर्यंत, तिला लेकरू होईपर्यंत, आईबापानं तिच्या दारचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. पुष्कळ घरांत आता कोणी पाळत नाही. केवळराम पाळत होते.

गुंजननं भरलेला डबा उचलून परत आणला. घरी शामकलाबाईंनी झाकण उघडून पाहिलं.

"काऊन?"

"म्हणते भूक नाई."

"भूक नाई! अन् शाळेजवळच्या त्या हापशीचं पाणी कसं चालते त्याईले? ते बी तं बिरसीचंच हाय."

"ते म्हणते ते सरकारचं हाय."

"बरोबर हाय," शामकलाबाई म्हणाल्या. "सरकारले पोरगी दिली नाई ना त्यानं!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतक्या हसल्या की लसणाचं सूप लवंडलं. हसू ओसरल्यावर मात्र त्यांनी वडे कैलासच्या ताटात वाढले आणि हळूच म्हणाल्या, "उद्या पुन्हा नेजो. बापच हाय, दगड नोहे."

गुंजननं दुसऱ्या दिवशी नेलं. तिसऱ्याही दिवशी नेलं. कधी वांग्याची भाजी, कधी कढी, कधी नुसता मऊ भात आणि वर तुपाची धार. केवळराम रोज हात जोडायचे. पंचायतीनं दिलेले डाळ-तांदूळ ते तीन विटांवर स्वतः शिजवायचे, आणि काय शिजवायचे! आयुष्यभर टाळ धरलेला हात. चुलीशी त्याची ओळखच नव्हती. शाळेवरचा धूर बांधीपलीकडून दिसायचा. हैदराबादेहून परतलेली दोन पोरं शेजारच्या वर्गात होती, ती हसून बेजार व्हायची.

"बाबाजी, ये खिचडी है की सिमेंट? दीवार में छेद है, भर दूँ क्या?"

"भर," केवळराम म्हणायचे, "अन् उरली तं तूबी खा."

लेकीशी मात्र ते तासन्‌तास बोलायचे. रेघेच्या अलीकडून ती, पलीकडून ते. आठ वर्षांत झालं नव्हतं एवढं बोलणं त्या मैदानावर झालं. कोणत्या म्हशीला पारडू झालं, टाळकऱ्याच्या गोठ्यात रात्री साप कसा निघाला, सप्ताहातल्या बुवांचा आवाज तिसऱ्याच दिवशी कसा बसला. गुंजन लहान असताना ते तिला खांद्यावर बसवून गावोगावच्या कीर्तनांना न्यायचे. ती त्यांच्या डोक्यावर गाल टेकवून झोपून जायची आणि जयघोषाला दचकून उठायची. ते आठवून दोघं मोठमोठ्यानं हसायची, कारण एवढ्या लांबून हळू हसता येत नाही. आणि मग जेवणवेळ व्हायची. ती डब्याकडं पाहायची, ते विटांकडं. तेवढ्यापुरतं मैदान लांबच लांब होऊन जायचं.

आता कैलासचं सांगतो. गुंजनचा नवरा. चार बांध्या धान आणि जोडीला लग्नाकार्यात भोंगा-माईक लावायचा धंदा. त्या वर्षी लग्नंच नव्हती; भोंगे माळ्यावर धूळ खात होते आणि कैलास खाली बसून. एक दिवस दुलीचंद त्याला म्हणाला,

"गावातले लोक घरात बसून बसून एकमेकाईचे डोकशे फोडून राहिले. तुहा सासरा एवढा कीर्तनवेडा. लाव ना माईक."

कैलास उडालाच. एका तासात भोंगे खाली आले. शाळेच्या छपरावर एक, मारुतीच्या देवळावर एक, पिंपळाला एक. माईकला लांबलचक वायर जोडून तो बाकावर ठेवला गेला. केवळरामांनी तिथून उचलून व्हरांड्यात न्यायचा. माईकवर गुंजनची जुनी ओढणी गुंडाळली होती.

"हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग," कैलास रेघेमागून शिकवत होता. "मामाजी, जास्त जवळ धरू नोका, शिट्टी वाजते."

"मी कुठचा कीर्तनकार, जवाईबापू? मी तं मांगं उभं राहून टाळ कुटणारा माणूस."

"मांगचेच आता पुढं आले ना, मामाजी. पुढचे सारे घरी बसून हायेत."

गुंजन ऐकत होती, आणि तिच्या डोक्यात एकदम वीज चमकली म्हणा ना! कीर्तन झालं की प्रसाद. प्रसाद कोणाच्या तरी घरून येणार. आणि प्रसादाला नाही म्हणणारा माणूस तिचे बाबा नव्हते. प्रवासात, तापात, उपासाच्या दिवशीसुद्धा त्यांनी पुढं आलेला प्रसाद कधी परतवला नव्हता.

ती दुलीचंदकडं गेली. "पाटील, कीर्तनाचा नैवेद्य माह्या घरचा."

दुलीचंदनं तिच्याकडं पाहिलं. मिशीत हसला. "हुशार हायेस. पण बाप बी तुहाच हाय, बरं."

संध्याकाळी ऊन कलंडलं तसं सारं बिरसी आपापल्या ओसरीत, अंगणात, गच्चीवर येऊन बसलं. कोणी कोणाजवळ नाही, पण सगळे एकत्र. भोंग्यातून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग खाकरणं. मग टाळांचा एक ठोका. आणि मग केवळरामांचा आवाज निघाला. सुरुवातीला बुजलेला, जरा कापरा. पण नामाचा गजर दुसऱ्यांदा आला तेव्हा देवळाकडून कोणीतरी साथ दिली, पिंपळाखालून कोणीतरी टाळी धरली, हैदराबादच्या पोरांनी बादली पालथी घालून ताल उचलला, आणि बघता बघता गावच्या गाव डोलायला लागलं! घराघरांतून टाळ्या येत होत्या. म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. पोरं अंगणात नाचायला लागली. दोन महिने जे गाव दबक्या आवाजात फक्त रोग्यांचे आकडे बोलत होतं, ते घसा फोडून देवाचं नाव घेत होतं.

गुंजन चुलीपाशी होती. खीर ढवळता ढवळता तीही गात होती आणि धुरानं की कशानं तिचे डोळे वाहत होते.

मग केवळराम दृष्टान्तावर आले.

"एक देव होता गा, भुकेजला. गेला एका दारी. घरधनी म्हणे, माह्या घरी सुतक हाय. गेला दुसऱ्या दारी. तो म्हणे, माही जात लहान हाय. तिसरा म्हणे, माह्या घरी तूप नाई. देव म्हणे, अरे बाबांनो, मी जेवाले मांगून राहिलो का तुमची सोयरीक पाहून राहिलो?" ओसरीओसरीतून हशा उसळला. "म्हणून सांगतो, प्रसादाले घर नसते. ज्याच्या हातून आला त्याचा हात पाहू नये, आपला हात पुढं करावा!"

गुंजनच्या हातातला डाव थांबला. असं काही ते बोलतील हे तिनं ठरवलं नव्हतं. देवानंच ठरवलं असेल. तिनं घाईघाईनं ताट वाढलं: भात, वरण, वांग्याची भाजी, वडे, खीर. देव्हाऱ्यासमोर ठेवून पाणी फिरवलं, तुळशीचं पान ठेवलं. बाकीची खीर कैलास गावात वाटायला निघाला. ताट झाकून ती शाळेकडं गेली, बाकावर ठेवलं आणि रेघेमागं आली.

"प्रसाद आला हो बुवा!" दुलीचंद फाटकातून ओरडला.

केवळराम माईक हातात घेऊनच बाकापर्यंत आले. झाकण काढलं. वडे ओळखीचे होते. ते थबकले.

"कोणाच्या घरचा, पाटील?"

हा प्रश्न तीन भोंग्यांतून साऱ्या गावाला ऐकू गेला. दुलीचंद मोठ्यानं म्हणाला, आणि तेही माईकमधून गावानं ऐकलं,

"आता तं सांगतलं बुवा, प्रसादाले घर नसते!"

काय हसलं गाव! पिंपळापासून देवळापर्यंत हसू धावत गेलं. केवळरामही हसले. त्यांनी माईक खाली ठेवला, तुळशीचं पान उचलून कपाळाला लावलं. पानाबरोबर दोन बोटांत मावेल एवढा भात घेतला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून चावला. गिळला.

गुंजननं पदर दातात धरला. खाल्लं! आठ वर्षांनी तिच्या हातचा भात त्यांच्या पोटात गेला होता.

आणि मग केवळरामांनी ताट व्हरांड्याच्या कडेला नेऊन ठेवलं, दोन पावलं मागं सरकले आणि पोरांना हाक दिली. "या रे, उरलेला तुमचा." स्वतः विटांकडं वळले. पातेल्यात सकाळची खिचडी होती.

गुंजन घरी आली तेव्हा शामकलाबाई दारातच होत्या. "घेतला म्हणे!"

"घासभर," गुंजन म्हणाली. आणि आत जाऊन कढई घासायला बसली. ती कढई त्या रात्री फार वेळ घासली गेली.

सकाळी ती डबा न घेताच शाळेत गेली. केवळराम व्हरांडा झाडत होते. तिला पाहून झाडणी उंचावून म्हणाले,

"कसं झालं कालचं? गाव हालवलं ना बापानं?"

"हालवलं."

"तुह्या आईनं ऐकाले पायजे होतं." मग ते थांबले. "रडली का? डोळे काऊन असे?"

"बाबा, एकच घास काऊन घेतला?"

"प्रसाद घासभरच असते, बाई."

"अन् जेवण?"

केवळरामांनी झाडणी भिंतीला टेकवली. मैदान ओलांडून आवाज पोचावा म्हणून ते पायरीच्या अगदी टोकाशी आले.

"जेवीन ना! ज्या दिवशी तुही ओटी भरन त्या दिवशी असा जेवीन का तुह्या सासूले पुन्हा भात टाका लागन. तू समजली का मी रीत धरून बसलो? रीत गेली खड्ड्यात. पण मी आज तुह्या घरी जेवलो, म्हंजे मी देवाले सांगतलं का आता मी वाट पाहत नाई. बाप असा कसा सांगन? आठ वर्षं झाली, मी उपाशीपोटी तुह्या दारून परत जातो, ते देव पाहतेच ना? एक दिवस त्याले लाज वाटनच."

इतकी वर्षं त्या जोडलेल्या हातांत गुंजनला एकच गोष्ट दिसत आली होती: तुझी कूस रिकामी आहे, हे मी विसरलेलो नाही. त्या हातांत असं काही असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते?" केवळरामांनी कानामागं हात धरला. "जोरानं बोल, ऐकू नाई येत."

हापशीवर चार बाया पाणी भरत होत्या. दुलीचंद फाटकाशी होता. पोरं दात घासत उभी होती. हे असं बोलणं चुलीपाशी, कानाशी तोंड नेऊन, आईजवळ बोलायचं असतं. पण आई नव्हती आणि मधे चुन्याची रेघ होती. गुंजननं तोंडावरचा पदर खाली ओढला.

"बाबा, मले लेकरू होणार नाई!"

हापशीचा दांडा थांबला.

"नागपूरच्या मोठ्या डॉक्टरनं सांगतलं. सारं तपासून झालं. त्याले दोन पावसाळे झाले. यांले मालूम हाय, मामीले मालूम हाय. मामी एक दिवस रडल्या अन् दुसऱ्या दिवशी माह्यासंगं धानाच्या रोवणीले आल्या. तुमालेच सांगतलं नाई. हिंमत झाली नाई."

केवळराम एक पायरी खाली उतरले.

"आई शेवटची आलती तं आपल्या लोट्यात पाणी घेऊन आलती. आठवते? दुपारभर माह्या ओसरीत बसली. लोटा संपला. मी गिलास भरून ठेवला. तिनं गिलासाले हात लावला, बाबा, अन् मांगं घेतला. तहानलेलीच गेली. अन् मंग तापात गेलीच. मी ते पाणी अजून भरून राहिली. देवाले लाज वाटो का नोको वाटो, मले तहानलेले लोक पाहवत नाई आता."

दुलीचंद फाटकाच्या कुलपाशी खटपट करत होता, जसं ते कुलूप त्यानं आजच पाहिलं होतं. केवळरामांनी तोंडावरचा दुपट्टा काढला, झटकला, पुन्हा झटकला, घडी घातली. मग वर्गात गेले आणि दार लोटून घेतलं.

ती घरी आली. शामकलाबाईंनी भाताचं आधण ठेवलं होतं.

"ऐकलं का मामी तुमी?"

"मी काय, साऱ्या गावानं ऐकलं. बरं झालं. आता मागून कुजबुजाले कोणापाशी काई उरलं नाई." त्यांनी तांदूळ वैरले. "चाल, भाजी चीर."

"ते घेणार नाई."

"नाई घेतलं तं गाय हाय. पण डबा जाईन." डबा भरून झाल्यावर शामकलाबाई तुळशीकडं वळल्या. "पान ठेवू का?"

"नोको," गुंजन म्हणाली. "आज देवाचा नाई. माह्या घरचा हाय."

दुपारचं ऊन असं की मैदानातली माती चपलेतून पोळत होती. वर्गाचं दार बंदच होतं. गुंजननं डबा आणि पाण्याचा तांब्या बाकावर ठेवला, रेघेमागं आली आणि पाठ करून उभी राहिली. दुलीचंदला तिनं विचारलं, गावात नवीन कोणी आलं का. त्यानं काय उत्तर दिलं ते तिच्या कानात शिरलं नाही. कडी वाजली. पावलं वाजली. मग झाकणाचा आवाज आला.

ती वळली.

केवळराम डबा घेऊन व्हरांड्यात गेले नव्हते. बाकाच्या हातभर सावलीत, मैदानातच मांडी घालून बसले होते. आधी त्यांनी तांब्या उचलला आणि घटाघटा प्यायले. पाणी हनुवटीवरून, गळ्यावरून ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग भात कालवला आणि जेवायला लागले. बोलले नाहीत, वर पाहिलं नाही. शेतावरून आलेला माणूस जेवतो तसे मोठमोठे घास घेऊन जेवले. मधेच एकदा त्यांचा हात थांबला, खांदे हलले. मग त्यांनी वडा मोडला आणि पुन्हा खाऊ लागले. पोरं व्हरांड्यात आली होती. त्यांतला एक काही बोलणार होता, दुसऱ्यानं त्याचा हात दाबला.

भाजी संपली. वडे संपले. केवळरामांनी डब्याच्या कडेचं शेवटचं शित बोटानं निपटून घेतलं. प्रसाद माणूस दुसऱ्यांदा मागत नाही. पाहुणाही पोट भरलं म्हणून सांगतो आणि उठतो. केवळरामांनी रिकामा डबा तिरपा करून आत पाहिला. मग मान वर केली.

"गुंजन," त्यांनी मैदानापलीकडून हाक दिली, "भात हाय का अजून?"

चपला तिथंच रेघेवर राहिल्या. गुंजन पळत सुटली. फाटकातून, हापशीवरून, भेगाळलेल्या बांधीतून आडवी, तापलेल्या मातीवरून अनवाणी. ओसऱ्यांतले लोक उठून उभे राहिले, काय झालं, काय झालं! ती कोणाकडं पाहत नव्हती. गल्लीच्या तोंडापासूनच ती ओरडत होती,

"मामी! भात टाका! बाबा भात मांगून राहिले! मामी, भात टाका!"

आणि घरातून शामकलाबाईंचा आवाज आला, "अवं, टाकला! कवाचाच टाकला!"

तो भात शिजतो आहे, तोवर आपण उठू. केवळरामांची काळजी करू नका, ते आज पोटभर जेवतील. मागणं एवढंच, की घरी जाल, उन्हातून आल्यावर पहिला तांब्या तोंडाला लावाल, तेव्हा घोटभर पाणी घशाखाली उतरायच्या आधी गुंजनच्या आईचं नाव घ्या. धुरपताबाई तिचं नाव. लेकीच्या ओसरीत बसून, भरलेल्या गिलासाला हात लावून, तिनं तो मागं घेतला होता.